खोलीत आणलेला समुद्र चिकटवल्यासारखा का दिसतो?

तुमच्या प्रश्नाचा आशय आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. एका रिकाम्या खोलीत फरशीच्या जागी समुद्र आहे, मधोमध खुर्चीवर एक माणूस बसला आहे आणि त्याचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात आहेत, असे अतिवास्तव चित्र तुम्ही तीन छायाचित्रांतून जुळवले. खोलीला डावीकडे एक खिडकी आहे, समुद्र भर दुपारी टिपलेला आहे आणि माणसाचा फोटो रात्री घरातल्या दिव्याखाली काढलेला आहे. केसांच्या बटांपर्यंत सगळ्या कडा तुम्ही चिकाटीने कापल्या आणि तरीही ज्याला चित्र दाखवावे तो 'माणूस वरून चिकटवल्यासारखा वाटतो' असेच म्हणतो. म्हणून तुम्ही विचारले आहे की कडा कापण्याचे याहून चांगले साधन कोणते, आणि त्यासाठी गिंप हे मोफत चित्र-संपादन सॉफ्टवेअर सोडून फोटोशॉप हे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. गिंप सोडण्याचे कारण नाही. या कामाला लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), लेयर मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा), कर्व्ह (उजळ-गडद पातळ्या बदलण्याचे साधन), ब्लेंडिंग मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळावा याची रीत) आणि बरा चालणारा ब्रश एवढे लागते, आणि ते सगळे गिंपमध्ये आहे. २०१८ साली आलेल्या २.१० या आवृत्तीपासून त्यात प्रत्येक चॅनेलला, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येक भागाला, ८ बिटांपेक्षा जास्त बिट घेऊनही काम करता येते. फोटोशॉपमध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ चित्र न बदलता वरून बदल करणारा थर) आणि स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो जसाच्या तसा जपणारा थर) यांमुळे मागे जाऊन बदल करणे सोपे पडते, मी स्वतः रोज तेच वापरते, पण चिकटवल्यासारखे दिसणे त्याने जात नाही. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह तुकड्यातुकड्यांनी छापून एक मोठे संमिश्र चित्र उभे केले. अमेरिकन छायाचित्रकार जेरी युल्समन यांनी विसाव्या शतकात डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारी यंत्रे) शेजारी शेजारी मांडून, तोच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत, मुळांसकट तरंगणारी झाडे आणि छताच्या जागी ढग असलेली खोली दाखवली. त्यांची चित्रे आजही पटतात, आणि त्यांच्याजवळ कडा कापण्याचे कोणतेही सॉफ्टवेअर नव्हते.

आता मूळ अडचण. तुमचा प्रश्न कडांविषयी आहे, पण तुमच्या वर्णनावरून दोष कडांमध्ये नसावा. पाहणाऱ्याला कड जराशी ढिली दिसली तरी तो ती सोडून देतो. एकाच चित्रातल्या दोन वस्तू दोन वेगळ्या प्रकाशांत आहेत किंवा दोन वेगळ्या उंचीवरून पाहिलेल्या आहेत, हे मात्र त्याच्या डोळ्यांना लगेच खटकते. काय चुकले हे त्याला सांगता येत नाही, म्हणून त्याच्या तोंडी 'चिकटवल्यासारखे' हा एकच शब्द येतो, आणि आपण तो शब्द ऐकून पुन्हा कडांवर काम करायला बसतो. मीही सुरुवातीची काही वर्षे हेच केले.

अतिवास्तव चित्राचे म्हणणे असे असते की एक अशक्य गोष्ट घडली आहे आणि बाकी सगळे जग नेहमीसारखे आहे. खोलीत समुद्र कसा आला, हे कोणीच विचारत नाही, कारण ते तुम्ही जाणूनबुजून मांडलेले आहे. मात्र त्या समुद्रावर खिडकीचा उजेड पडायला हवा, खुर्चीच्या पायाशी पाणी अडायला हवे, माणसाचे प्रतिबिंब पाण्यात दिसायला हवे. तुम्ही न ठरवलेली दुसरी अशक्य गोष्ट चित्रात शिरली की पहिलीचा दबदबा संपतो. म्हणून माझ्या कामात मी अशक्य गोष्ट एकच ठेवते आणि उरलेल्या प्रत्येक बाबतीत साध्या छायाचित्रापेक्षाही जास्त काटेकोर राहते.

अर्थात हे सगळे तुम्हाला कोणत्या जातीचे चित्र हवे आहे यावर अवलंबून आहे. बर्लिनच्या दादावाद्यांमध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ कलेविरुद्ध उभ्या राहिलेल्या कलावंतांमध्ये, विशेषतः हाना ह्योख यांच्या फोटोमोंटाजमध्ये (छापील चित्रे कापून जुळवलेल्या चित्रांमध्ये), कात्रीचे काप उघड दिसतात आणि दिसावेत असेच ते केलेले असतात. तुम्हाला तसे चित्र हवे असेल, तर पुढचे बरेचसे मुद्दे तुम्हाला लागू नाहीत. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला एका क्षणी टिपल्यासारखे दिसणारे चित्र हवे आहे, असे धरून लिहिते. चित्र शेवटी किती मोठे दिसणार यानेही फरक पडतो. फोनच्या पडद्यावर जे खपून जाते ते भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटमध्ये खपत नाही. उजेडाची आणि उंचीची चूक मात्र अंगठ्याएवढ्या चित्रातही दिसते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

कॅमेऱ्याची उंची

समुद्राच्या कोणत्याही छायाचित्रात क्षितिजाची रेषा ही कॅमेऱ्याच्या उंचीची रेषा असते. खोलीच्या छायाचित्रातही तशी रेषा असते, फक्त ती भिंतीमागे दडलेली असते. फरशीच्या दोन बाजूंच्या कडा आणि छताच्या दोन बाजूंच्या कडा एका वेगळ्या लेयरवर रेषा काढून लांबवा. त्या जिथे एकत्र येतात त्या बिंदूतून आडवी रेषा काढा. ती तुमच्या खोलीची क्षितिजरेषा. समुद्राचा लेयर ठेवताना त्याचे क्षितिज नेमके या रेषेवर आले पाहिजे, मग ते भिंतीने झाकले गेले तरी चालेल. ते वर किंवा खाली सरकले, तर पाणी पाहणाऱ्याच्या अंगावर उतरल्यासारखे किंवा पलीकडे घसरल्यासारखे दिसते.

एवढे बहुतेक जण करतात. त्यापुढची गोष्ट सहसा सुटते, ती अशी. पाण्याच्या पृष्ठभागापासून कॅमेरा किती उंच होता, यावर लाटांचे माप ठरते. समजा, खोलीचा फोटो फरशीपासून १२० सेंटिमीटर उंचीवरून काढला आहे आणि पाणी फरशीपासून ३० सेंटिमीटर वर दाखवायचे आहे. म्हणजे कॅमेरा पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच आहे. समुद्राचा फोटो तुम्ही किनाऱ्यावर उभे राहून, पाण्यापासून १५० सेंटिमीटर उंचीवरून काढला असेल, तर क्षितिज जुळवल्यावर तो समुद्र खोलीत मूळ मापाच्या सहा दशांश एवढा दिसेल. हे एक वेळ चालून जाते. पण तो फोटो ३० मीटर उंच कड्यावरून घेतलेला असेल, तर माप शंभरात तीन एवढे होते. पुरुषभर उंचीची लाट खोलीत पाच-सहा सेंटिमीटरची सुरकुती बनते आणि समोरचा माणूस राक्षसासारखा वाटू लागतो. तयार मिळणारे समुद्राचे फोटो बरेचदा कड्यावरून, पुलावरून किंवा ड्रोनमधून घेतलेले असतात, हे लक्षात ठेवून निवडा. फेसाचे बुडबुडे आणि उडालेले थेंब यांवरून पाण्याचे खरे माप डोळ्याला कळते, कारण थेंब केवढा असतो हे प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते.

याच ठिकाणी तुमच्या मांडणीतली एक गोष्ट सांगून टाकते. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा गुडघा आणि खुर्चीची बैठक जवळजवळ एकाच उंचीवर असतात. पाणी गुडघ्यापर्यंत दाखवले, तर बैठकही पाण्यात जाते आणि त्याचे कपडे कमरेपर्यंत भिजलेले दिसायला हवेत. तुमच्या चित्रात ते कोरडे असतील, तर पाहणाऱ्याला अडखळायला एवढेही पुरते. पाणी पोटरीच्या मध्यापर्यंत उतरवा. वरचे ३० सेंटिमीटर मी म्हणूनच धरले आहेत.

लेन्सविषयी थोडक्यात सांगते. दोन छायाचित्रांची फोकल लेंथ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचे दृश्य टिपते याचे माप) सारखी नसली तरी प्रत्येक वेळी बिघडतेच असे नाही, कारण वस्तूंचे आपसातले आकार कॅमेरा किती दूर होता यावर ठरतात. माणसाचा फोटो दीड मीटरवरून काढला आणि खोलीत तो चार मीटरवर बसवला, तर त्याचे गुडघे आणि हात चेहऱ्याच्या मानाने मोठे दिसतील. तो फोटोही चार मीटरवरूनच काढा आणि मग हवा तसा कापून घ्या.

प्रकाश

प्रकाशाच्या बाबतीत मी चार गोष्टी तपासते. तो कोणत्या दिशेने येतो, त्याच्या सावल्या कडक आहेत की मऊ, त्याचा रंग कोणता आणि उजेड-सावलीतला फरक किती. तुमच्या चित्रात या चारही गोष्टी तीन छायाचित्रांत तीन प्रकारच्या आहेत, आणि माझ्या मते चिकटवल्यासारखे दिसण्याचे मुख्य कारण हेच आहे.

खोलीचा उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो. खिडकी मोठी असल्यामुळे सावल्यांच्या कडा मऊ आहेत. माणूस वरच्या दिव्याखाली बसला होता, त्यामुळे त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली पडली आहे. ही सावली डॉजिंग-बर्निंगने (ठरावीक भाग उजळ किंवा गडद करून) बाजूला नेता येत नाही. गाल उजळ करता येईल, पण नाकाखालची सावली खालीच राहील, आणि चेहऱ्याच्या बाबतीत तर आपण सगळेच पारखी असतो. दिव्याचा रंगही वेगळा. घरातला पिवळसर दिवा २७०० केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगाचे माप) आसपास असतो आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला असेल, तर हा फरक रॉ उघडतानाच व्हाइट बॅलन्सने (पांढरे पांढरेच दिसावे अशा रंगाच्या दुरुस्तीने) बराच भरून काढता येतो. जेपीईजीमध्ये मात्र निळा चॅनेल आधीच दबलेला असल्यामुळे त्वचेचा रंग ओढाताण केल्यासारखा दिसू लागतो.

समुद्राची अडचण याहून मोठी आहे. दुपारच्या समुद्रावर जे चमचमते ठिपके दिसतात, त्यांतला प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचे इवलेसे प्रतिबिंब असते. खोलीत सूर्य नाही, खिडकी आहे, म्हणून त्या पाण्यावर ठिपक्यांऐवजी खिडकीच्या आकाराचे लांबट, मऊ उजळ पट्टे दिसायला हवेत. ठिपके कर्व्हने मंद केले, तर ते उजळ ठिपक्यांऐवजी करडे ठिपके होतात, एवढेच. आणि समुद्राचा निळा रंगही बव्हंशी वरच्या आभाळाचा असतो. खोलीतल्या पाण्यावर आभाळ नसते, समोरची भिंत आणि छत असते. त्यामुळे निळाशार समुद्र छत असलेल्या खोलीत आणला की तो कितीही नीट कापलेला असला तरी बाहेरचाच राहतो. ढगाळ दिवसाचा, करड्या रंगाचा, लहान लाटांचा समुद्र घ्या. त्याचा रंग आणखी उतरवा, त्यावर भिंतीची उलटी केलेली प्रत कमी ऑपॅसिटीवर (अर्धपारदर्शक) ठेवा आणि लाटांच्याच करड्या प्रतीचा नकाशा वापरून ती डिस्प्लेस फिल्टरने (नकाशातल्या उजळ-गडदानुसार चित्राचे भाग सरकवणाऱ्या साधनाने) विस्कटून घ्या. हा फिल्टर गिंपमध्येही आहे. असे केले की पाणी त्या खोलीचे वाटू लागते.

कडक सावलीबद्दल एक उपयोगी माप सांगते. सूर्य आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे सूर्यप्रकाशातली सावलीही वस्तूपासून दूर जाताना मऊ होत जाते. एक मीटर अंतरावर तिची कड जवळपास नऊ मिलिमीटर पसरलेली असते. म्हणून हाताने काढलेली सावली सगळीकडे सारख्याच धारेची ठेवू नये. वस्तूच्या मुळाशी ती गडद आणि रेखीव असावी, पुढे सरकताना फिकी आणि पसरट व्हावी. मोठ्या खिडकीच्या उजेडात हे पसरणे कितीतरी जलद होते. सावली शुद्ध काळ्या रंगाने कधीही काढू नका. खोलीतल्या सावलीचाच रंग आयड्रॉपरने (रंग उचलण्याच्या साधनाने) उचला आणि मल्टिप्लाय मोडमध्ये (खालचे चित्र गडद करणाऱ्या मोडमध्ये) तो वापरा, कारण सावलीतही आजूबाजूच्या भिंतींचा उजेड पोहोचत असतो.

यात माझी स्वतःची एक चूक सांगण्यासारखी आहे. वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर लाकडी होडी, असे एक चित्र मी करायला घेतले होते. वाळूचा फोटो मावळतीच्या तिरप्या उन्हातला होता, वाळूची प्रत्येक रेघ त्यात उठून दिसत होती. होडीचा फोटो तळ्यावर ढगाळ दुपारी काढलेला होता. होडीवर ऊन रंगवण्यात मी दोन आठवडे घालवले. फळ्यांच्या कडेला उजळ रेघा ओढल्या, आतल्या बाजूला सावली भरली, रंग तांबूस केला, आणि तरीही होडी वाळूवर बसेना. शेवटी मी हातभर लांबीची लाकडी नमुना-होडी घेतली, वाळूच्या फोटोतल्या सावल्यांवरून सूर्याची दिशा आणि उंची मोजली आणि त्याच कोनात लांबवर एक दिवा ठेवून तिचा फोटो काढला. लहान नमुना जवळून टिपला की पुढचे-मागचे धूसर होते आणि तो नमुना असल्याचे उघड होते, म्हणून बारीक अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) ठेवून वेगवेगळ्या ठिकाणी फोकस केलेले सात फोटो एकत्र केले. ही होडी एका संध्याकाळीत वाळूवर बसली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की चुकीच्या उजेडातला फोटो सुधारत बसण्यापूर्वी तो पुन्हा काढता येईल का, हे आधी पाहायचे.

उजेड जुळला की नाही, हे पाहण्याची रीत

रंग डोळ्याला फसवतो, म्हणून मी सगळ्यात वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवून आधी फक्त काळे-पांढरे जुळवते. माणसाच्या बुटांतला काळा आणि त्याच्या शेजारच्या सावलीतला काळा एकाच पातळीवर आहेत का, शर्टाचा पांढरा खिडकीच्या चौकटीपेक्षा जास्त पांढरा तर नाही ना, हे त्यात लख्ख दिसते. दूरच्या वस्तूंवर हवेचा पातळ पडदा असल्याने त्यांच्यातला काळा पूर्ण काळा नसतो. खोलीत हा फरक नगण्य असतो, पण खिडकीबाहेर काही जोडणार असाल तर तो सांभाळावा लागेल. त्यानंतर मी एक कर्व्ह लेयर अगदी खडा करून ठेवते, म्हणजे उजळ भाग जळल्यासारखे आणि गडद भाग बुडाल्यासारखे दिसतात. या अतिरंजित अवस्थेत ज्या तुकड्याचा उजेड वेगळा आहे तो आपोआप उठून दिसतो. त्याच पद्धतीने सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) टोकाला नेले की रंगाची फारकत दिसते. दुरुस्ती करताना हे लेयर चालू ठेवायचे आणि झाल्यावर बंद करायचे. या तीन तपासण्यांना मिळून पाच मिनिटे लागतात, आणि माझ्या कामातला अर्ध्याहून अधिक फायदा त्यांनीच झाला आहे.

पाणी आणि पाय जिथे भेटतात ती जागा

तुमच्या चित्राचा जीव इथे आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. दोन वस्तू जिथे एकमेकींना टेकतात तिथे त्या खरोखर टेकल्या आहेत की नाही, हे पाहणारा पहिल्या दृष्टिक्षेपात ठरवतो.

पहिली गोष्ट प्रतिबिंबाची. माणूस आणि खुर्चीची प्रत उलटी करून पाण्यात ठेवणे, ही सगळ्यात जास्त केली जाणारी चूक आहे. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे पाण्याखालून, कॅमेरा पाण्यापासून जितका वर आहे तितक्याच खालून पाहिलेले दृश्य असते. वरून पाहताना तुम्हाला खुर्चीच्या बैठकीची वरची बाजू दिसते; प्रतिबिंबात तिची खालची बाजू दिसायला हवी. तसेच माणसाच्या हनुवटीचा खालचा भाग, मांडीखालचे कापड, बाहीचा आतला कोपरा. उलट्या प्रतीत यातले काहीच नसते. याला सोपा उपाय आहे. फोटो काढताना, पाणी ज्या उंचीवर दिसणार आहे त्या उंचीवर खुर्चीच्या पुढे एक आडवा आरसा ठेवा आणि कॅमेरा जागचा न हलवता आरशातले दृश्य वेगळे टिपून घ्या. ते दृश्य मग पाण्यावर ठेवून लाटांप्रमाणे विस्कटा. हलत्या पाण्यात प्रतिबिंब आडवे फारसे पसरत नाही, उभे मात्र ताणले जाते, हे विस्कटताना लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट अशी की पाणी सगळीकडे सारखे प्रतिबिंब देत नाही. सरळ खाली पाहिले तर पाण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे दोन टक्केच प्रकाश परत फिरतो आणि आतले दिसते. नजर जसजशी तिरपी होते तसतसे हे प्रमाण वाढत जाते. तुमच्या मांडणीत माणूस कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर आणि कॅमेरा पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच असेल, तर त्याच्या पायांपाशी शांत पाण्यावरून सुमारे पाचवा हिस्सा प्रकाश परत येईल. म्हणजे तिथे प्रतिबिंब आणि पाण्याखालचा पाय दोन्ही एकमेकांत मिसळून दिसतील, चित्राच्या खालच्या कडेला पाण्याचा आतला भाग जास्त दिसेल आणि मागच्या भिंतीकडे जवळजवळ फक्त प्रतिबिंब. प्रतिबिंबाच्या लेयरच्या मास्कवर खालून वर एक ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी छटा) ओढला की हे साधते. शिवाय जिथे गडद वस्तूचे प्रतिबिंब पडते तिथून पाण्याच्या आतले जास्त दिसते आणि जिथे उजळ भिंतीचे पडते तिथून कमी. प्रतिबिंबाचा लेयर स्क्रीन मोडमध्ये (खालचे चित्र उजळ करणाऱ्या मोडमध्ये) ठेवला, तर हे परिणाम बऱ्याच अंशी आपोआप मिळतात.

तिसरी गोष्ट पाण्याखालच्या पायांची. पाण्यातली वस्तू वरून पाहताना ती खरी जितकी खोल आहे त्याच्या तीन चतुर्थांशच खोल असल्यासारखी दिसते आणि तिरपे पाहिले तर त्याहूनही वर उचलल्यासारखी. म्हणून पाण्याखालचा पाय आखूड दिसायला हवा आणि तो तिरका असेल तर पाण्याच्या रेषेपाशी मोडल्यासारखा. तुम्ही पाय सरळ पुढे चालू ठेवून त्यावर निळसर थर दिला असेल, तर तो पाय काचेमागे असल्यासारखा दिसेल, पाण्यात असल्यासारखा नाही.

शेवटी ती रेषा. एक काठी भांड्यातल्या पाण्यात उभी करून डोळे जवळ नेऊन पहा. पाणी काठीला चिकटून किंचित वर चढते, तिथे एक बारीक उजळ रेघ आणि तिच्याखाली एक गडद रेघ दिसते. पाणी हलले की काठीवर वरच्या बाजूला ओला पट्टा राहतो आणि तो कोरड्या लाकडापेक्षा गडद असतो. खुर्चीच्या पायांवर आणि पँटवर हा ओला पट्टा काढा, पँटवर तो जरा उंच आणि वेडावाकडा, कारण कापड पाणी वर ओढते. एक-दोन लाटा पायाच्या पुढून जाऊ द्या, म्हणजे मास्कची खालची कड सरळ आडवी न राहता लाटेच्या आकाराची होईल. हे सगळे मिळून चार-पाच सेंटिमीटरचे काम आहे, आणि मी त्यावर संपूर्ण दुपार घालवते.

आता कडा

कडांवर तुम्ही बरीच मेहनत घेतली आहे, म्हणून फक्त तीन सूचना करते. इरेझर वापरू नका, मास्कवरच काम करा, म्हणजे चूक केव्हाही परत भरता येते. कड कापण्याची धार त्या जागेच्या फोकसएवढीच ठेवा. छायाचित्रात अगदी तीक्ष्ण दिसणारी कडसुद्धा दोन-तीन पिक्सेलमध्ये बदलत जाते, आणि फोकसबाहेरची त्याहून कितीतरी जास्त. पेन टूलने (रेषा आखून कड निवडणाऱ्या साधनाने) घेतलेली एकाच धारेची कड माणसाच्या सगळ्या बाह्याकृतीला लावली, तर तो कागदातून कापलेला दिसणारच. नाकाची कड तीक्ष्ण आणि मागच्या खांद्याची मऊ असावी. तिसरे असे की केसांच्या बटांमध्ये जुन्या पार्श्वभूमीचा रंग राहून गेलेला असतो. त्या बटा आणखी बारीक कापण्याऐवजी, कापलेल्या लेयरला जोडलेल्या एका नव्या लेयरवर कलर मोडमध्ये (फक्त रंग बदलणाऱ्या मोडमध्ये) केसांचाच रंग हलक्या ब्रशने फिरवा. मी तर पुष्कळदा मूळ बटा सोडून देते आणि बारीक ब्रशने नव्या काढते.

ग्रेन आणि बिट

तीन छायाचित्रे तीन आयएसओंवर (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या मापांवर) काढलेली असली, की त्यांचा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा (यालाच पुढे नॉइज म्हटले आहे), वेगळा असतो. रात्री दिव्याखाली काढलेल्या तुमच्या फोटोत तो नक्कीच जास्त असेल. आधी प्रत्येक तुकड्याचा नॉइज जमेल तेवढा कमी करा आणि सगळे जुळल्यावर सर्वांत वर ५० टक्के करड्या रंगाचा लेयर ओव्हरले मोडमध्ये (उजळ अधिक उजळ आणि गडद अधिक गडद करणाऱ्या मोडमध्ये) ठेवून त्यात थोडा नॉइज घाला. तो करडा रंग या मोडमध्ये स्वतः दिसत नाही, फक्त नॉइज दिसतो, आणि सगळ्या चित्रावर एकच पोत येतो. भिंतीवरच्या हलक्या छटांमध्ये पट्टे पडत असतील, तर फाइल सुरुवातीपासून १६ बिटांत ठेवा. ८ बिटांत प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्याच मिळतात आणि वारंवार कर्व्ह ओढल्यावर त्या तुटू लागतात.

शब्दांवरून चित्राचा भाग तयार करणाऱ्या नव्या साधनांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे कोणी सुचवेल म्हणून सांगते. भिंतीचा राहिलेला कोपरा भरायला किंवा नको असलेली वायर काढायला मी ती वापरते. पाणी आणि पाय भेटतात त्या जागेसाठी मात्र वापरत नाही, कारण प्रतिबिंबाचा कोन आणि खिडकीची दिशा यांत ती वारंवार चुकतात, आणि ती चूक दुरुस्त करायला स्वतः केलेल्या कामापेक्षा जास्त वेळ जातो.

आता तुमच्या या चित्राचे काय करावे? खोलीचा फोटो तसाच ठेवा, तो चांगला आहे. त्याची क्षितिजरेषा काढा आणि त्यावरून कॅमेऱ्याची उंची अंदाजा. खुर्ची मूळ फोटोतच असेल, तर तिच्या उंचीवरून हे सहज जमते. मग माणसाचा फोटो दिवसा, डावीकडे खिडकी ठेवून, त्याच उंचीवरून आणि तेवढ्याच अंतरावरून पुन्हा काढा. त्याच बैठकीत आरशातले दृश्य टिपून घ्या. पायांसाठी एका पसरट टबमध्ये पोटरीपर्यंत पाणी भरून, टबाच्या तळाशी गडद कापड घालून, त्याच खिडकीजवळ पंधरा-वीस फोटो काढा. ओल्या कापडाचा पट्टा, पाण्याची चढलेली रेघ, मोडलेला दिसणारा पाय हे सगळे त्यात तुम्हाला खरेखुरे मिळेल आणि रंगवावे लागणार नाही. समुद्र ढगाळ दिवशी, पाण्याच्या काठाशी बसून, कॅमेरा पाण्यापासून ९० सेंटिमीटरवर ठेवून घ्या. तुमच्या खोलीचे माप वेगळे निघाले, तर त्या मापाप्रमाणे ही उंची बदला. मास्क आधी ढोबळच ठेवा आणि ब्लॅक अँड व्हाइट लेयर लावून काळे-पांढरे जुळेपर्यंत कडांना हात लावू नका. त्या ढोबळ अवस्थेतच चित्र आडवे उलटवून, अंगठ्याएवढे लहान करून पहा. तेव्हाही माणूस पाण्यात बसलेला वाटला, तर मग केसांच्या बटा कापायला घ्या.